सात वेढे

डोक्याचं बँडेज नीट बसायला सात वेढे लागतात. पाच दिले तर ते कानावरून घसरतं.

काळा दगड कड्यावरून सुटण्याआधी एकदा बारीक आवाज करतो. खाणीतली माणसं तो ऐकून बाजूला होतात. कॉम्प्रेसर चालू असेल तर आवाज ऐकू येत नाही.

माझ्या वडिलांना दिवसाला अर्धा लिटर पाणी चालायचं. उरलेला दिवस ते तांब्याकडे बघत बसायचे.

पिवळं रेशनकार्ड घडीवर फाटतं. नेहमी एकाच जागी, कुटुंबप्रमुखाच्या नावातून.

सलाईनच्या स्टँडची वरची दांडी लोखंडी असते. पेच सैल केला की हातात येते.

"रंग छान जमलाय," डॉक्टर म्हणाले.

*

"ह्येचं काय करू?" भैरू ऐवळेनं तंबाखूची पुडी पुढे केली.

"मला दे. संध्याकाळी परत देतो."

"संध्याकाळपतोर? सायेब, माणूस आजारी पडंल की."

"त्याचसाठी आणलाय तुला."

शेजारच्या खाटांवरची माणसं हसली. मी पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि त्याच्या डोक्याभोवती पहिला वेढा दिला.

आमचं रुग्णालय धर्मादाय न्यासाचं होतं. एकशेवीस खाटा. कायद्यानं त्यातल्या बारा निर्धनांसाठी. त्यांच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. बाकीच्या रुग्णांच्या बिलातून रुपयामागं दोन पैसे एका निधीत पडायचे आणि त्यातून या बारा जणांची औषधं, रक्त, ऑपरेशनं व्हायची. तळमजल्यावर, अपघात विभागाला लागून, मोठी दालनासारखी खोली होती. तिला सगळे 'बारा खाटा' म्हणत. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तिथं पैसे भरणारे रुग्ण असत. एक दिवस जिल्ह्याचं तपासणी पथक येई. त्या दिवशी ते रुग्ण वरच्या मजल्यावर, जिन्यात, व्हरांड्यात सरकवले जात, आणि मी सकाळी साडेसातला रुग्णालयाची गाडी घेऊन मजूर नाक्यावर जाऊन बारा माणसं आणत असे. रोजंदारी, वर दुपारचं जेवण.

माझं पद समाजसेवा अधीक्षक. वय एकोणतीस. ते माझं चौथं वर्ष होतं, म्हणजे चौथी तपासणी.

आजार मीच वाटायचो. ज्याचे डोळे पिवळट त्याला कावीळ. खोकणाऱ्याला दमा. दोन भाऊ होते, त्या दोघांनाही टायफॉइड दिला.

"दोघांस्नी येकच?" धाकट्यानं विचारलं.

"एकाच घरातलं पाणी पिता ना?"

"व्हय. पर मला जरा मोठं कायतरी द्या. जेवान चांगलं मिळंल."

भैरूला काही बसेना. तो केबलसाठी रस्त्याकडेचे चर खोदायचा. मान खांद्यांएवढी रुंद, डोळे स्वच्छ, दात पांढरे. असल्या माणसाला कुठला ताप येणार? म्हणून डोक्याला मार. बँडेज बांधून वर लाल औषधाचा डाग दिला की झालं; चेहरा अर्धा झाकतो, आणि कोणी काही विचारलं तर गप्प राहता येतं. सालोमी सिस्टरला मी बँडेज बांधायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी लागलेल्यांना बांधते," आणि ट्रे माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

केसपेपर आदल्या संध्याकाळीच तयार होता, फक्त नाव घालायचं होतं. मी ते घातलं आणि त्याला वाचून दाखवलं. "भैरू ऐवळे, वय चौतीस. दुचाकीवरून पडून डोक्याला मार. अकरा दिवसांपासून दाखल."

"माझ्याकडं सायकलबी न्हाई, सायेब."

"दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसला होतास."

"मग त्येला काय झालं? गाडीवाल्याला?"

"त्याला काही नाही झालं."

"आसंच आसतंय," भैरू म्हणाला आणि उताणा झोपला. त्याच्या मनगटावर मी सलाईनची नळी चिकटपट्टीनं चिकटवली. सुई नव्हती. नळीचं टोक पट्टीखाली दुमडलेलं होतं.

फाटकाजवळच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं: निर्धनांसाठी राखीव खाटा १२. आज रिकाम्या ०. हा फळाही कायद्यानंच लावायला लागतो.

*

जबाब, पान पहिलं. मी सदर रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक या पदावर कार्यरत असून घटनेच्या दिवशी नेहमीप्रमाणे कर्तव्यावर हजर होतो.

*

पावणेअकराला तीनचाकी मालाचा टेम्पो उलटा येऊन अपघात विभागाच्या उताराला लागला. मागं ताडपत्रीवर एक माणूस होता. त्याच्या डोक्याशी एक बाई बसली होती, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून. दोघांचेही केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, खडीच्या धुरळ्यानं. त्याच्या तोंडातून येणारं रक्त तेवढं लाल होतं.

हणमंता, आमचा सुरक्षारक्षक, काठी आडवी धरून उभा राहिला. "आज पुढं न्या. आज हितं साहेब लोक येणार हैत."

"दगुड पडला छातीवर," बाई म्हणाली. ती हणमंताकडे बघतही नव्हती. "खाणीत. येक तास झाला."

मी बाहेर आलो. माणूस श्वास घेत होता, पण छातीची डावी बाजू वर येत नव्हती. उजवी यायची, डावी आत जायची. मी डॉक्टर नाही, तरी चार वर्षांत एवढं कळायला लागतं.

बाई टेम्पोतून खाली उतरली आणि पदराच्या गाठीतून पिवळं कार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं. "मी दुर्गव्वा. ह्ये माझं मालक, यल्लप्पा. मुकादम बोलला, हितं बारा खाटा आमच्यासारक्यांच्या आसत्यात. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग घ्या की."

मी फळ्याकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "भरल्यात."

डॉ. आरवाडे वैद्यकीय अधीक्षक होते. मी धावत वर गेलो तेव्हा ते आरशासमोर टाय बांधत होते. मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, नीट पाहिलं, ते मला मान्य करायला हवं.

"बरगड्या फुप्फुसात गेल्यात. छातीत नळी टाकायला पाहिजे. आणि रक्त, दोन-तीन बाटल्या."

"निधीतून करता येईल, सर."

"खाट कुठाय?"

"निर्धनच्या..."

"बारा भरल्यात. तूच भरल्यास ना?"

"एकाला उठवतो. हा खरा आहे, सर. पथकाला खराच दिसेल."

आरवाडे टायची गाठ सारखी करत राहिले. "आणि मेला तर? पथक वॉर्डात उभं असताना? मग ते पहिला कागद मागतील त्याचा, आणि दुसरा शेजारच्याचा. मग त्या शेजारच्याचं सलाईन बघतील." ते माझ्याकडे वळले. "मगदूम, सिव्हिल चाळीस किलोमीटरवर आहे. पाठव. दुपारी तपासणी झाली की पुन्हा आणू दे, मी स्वतः नळी टाकतो."

"दुपारपर्यंत..."

"तुझ्या वडिलांचं आज डायलिसिस ना? दीडला?"

मी हो म्हणालो.

"मशीन ठेवलंय त्यांच्यासाठी," ते म्हणाले. अगदी सहज.

माझे वडील निर्धनांच्या यादीत होते. आठवड्यातून दोनदा, निधीतून. त्यांच्या अर्जावर वार्षिक उत्पन्न शून्य असं लिहिलेलं होतं, अक्षर माझं. मला पगार होता. पण तो पगार आठवड्याच्या एका डायलिसिसलाही पुरला नसता, आणि दुसऱ्या मशीनसाठी जवळचं शहर तीन तासांवर होतं. आरवाडेंनी त्या अर्जावर काही न विचारता सही केली होती. त्या दिवसापर्यंत त्यांनी त्याचा उल्लेखही केला नव्हता.

मी खाली आलो.

*

जबाब, पान पहिलं, खालच्या ओळी. सदर जखमी इसमास प्रथमोपचाराची गरज आहे किंवा कसे हे ठरवणे माझ्या अखत्यारीत येत नाही.

*

मी खाली येईपर्यंत दुर्गव्वा आत शिरली होती. हणमंता तिच्या मागं होता, पण बाईमाणसाला हात कसा लावायचा म्हणून काठी नुसती हलवत होता. ती बारा खाटांमधून चालत होती. एकेका खाटेशी थांबून बघत होती. रागानं नव्हे. माझी चूक तिथंच झाली. मला वाटलं ती भांडायला आली आहे, आणि मी तिला थांबवायला पुढं झालो नाही, कारण भांडणारीला बाहेर काढणं सोपं असतं.

ती नवव्या खाटेशी थांबली.

"दादा, तुला काय झालं?"

भैरूनं माझ्याकडे पाहिलं. "पडलो," तो म्हणाला.

"कशावरनं?"

"गाडीवरनं."

"घरची हैत का कोन संगं?"

"न्हाईत."

तिनं त्याच्या पायावर हात ठेवला, चादरीवरून. तिच्या हाताचा पांढरा ठसा तिथं उमटला. "लौकर बरा व्हशील," ती म्हणाली. "आमच्या नशिबात खाट न्हाई आज. तुझी तरी सुटका हू दे."

आणि ती बाहेर गेली, नवऱ्याकडे. आपणहून.

भैरू उठून बसला.

"झोप," मी म्हणालो.

"सायेब, ह्या खाटंवर घ्या त्येला."

"झोप म्हणतो ना."

"तुमास्नी बारा दिसाय पायजेत ना? बाराच दिसतील. त्यो झोपंल हितं. त्यो तर खराच हाय."

हेच मी पाच मिनिटांपूर्वी वर म्हणालो होतो. जवळजवळ त्याच शब्दांत म्हणालो होतो. तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या कानशिलांत रक्त उसळलं.

"तुला रोजगार कशाचा मिळतोय? झोपायचा. झोप."

"न्हाई पायजे मला तुमचा रोजगार."

त्यानं मनगटावरची चिकटपट्टी ओरबाडली. नळी जमिनीवर पडली आणि तिच्यातून पाणी वाहू लागलं. सलाईनच होतं ते, खरं सलाईन, बाटली वाया जाऊ नये म्हणून आम्ही मुदत संपलेली लावली होती. तो खाटेवरून उतरला आणि अनवाणी बाहेर निघाला.

हणमंता दारात आडवा आला. "कुठं चाललास रे?"

"हो बाजूला."

"आरं, लागलंय ना तुझ्या डोक्याला? मग पडून ऱ्हा की गप."

"हणमा, बाजूला हो म्हनतोय."

हणमंतानं काठी त्याच्या छातीवर टेकवली. भैरूनं ती धरली, ओढली, आणि हणमंताला काठीसकट दारावर फेकला. दार काचेचं होतं. काच आधी पांढरी झाली, मग एकदम खाली आली. हणमंता तिच्यावर बसला. त्यानं तोंड उघडलं तर पुढचे दोन दात हातात पडले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. दुसरा रक्षक फाटकावरून धावत आला. भैरूनं त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला तसा भैरूनं त्याचा पट्टा धरून त्याला भिंतीवर नेऊन आपटला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना फ्रेमसकट खाली आल्या. मग भैरूनं त्याला सोडला. पोतं खांद्यावरून टाकावं तसा.



काचेच्या तुकड्यांवरून तो टेम्पोपर्यंत चालत गेला. त्याच्या टाचांतून रक्त येत होतं, ते त्याला माहीत नव्हतं. टायफॉइडचे दोघे भाऊ उठून त्याच्या मागं गेले. मी ओरडलो. थोरल्यानं वळून बघितलं आणि तरी गेला.

त्यांनी ताडपत्रीची चार टोकं धरली. भैरू, दोघे भाऊ आणि दुर्गव्वा. यल्लप्पाचं तोंड उघडं होतं. तो वरच्या छपराकडे बघत होता आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या घशात कुणीतरी खडी चाळत असल्यासारखा आवाज येत होता. भैरू म्हणत होता, "सावकास. हितं पायरी हाय. सावकास, मावशे."

हणमंता उठला. तोंडातून रक्त गळत असताना त्यानं काठी उचलली आणि धाकट्या भावाच्या पोटऱ्यांवर मारली. पोरगं खाली बसलं. ताडपत्रीचं एक टोक सुटलं, यल्लप्पा कलंडला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. दुर्गव्वानं खांदा खाली घालून त्याला सावरलं. हणमंतानं काठी पुन्हा उचलली. थोरल्या भावानं त्याचा गळा धरला. ते दोघं काचेत लोळू लागले.

बाकीची माणसं खाटांवर उभी राहिली होती. कावीळवाला नळी हातात धरून उभा होता, काढावी की राहू द्यावी ते न कळून. दमावाला खरंच खोकत होता.

उरलेला भार भैरूनं एकट्यानं उचलला. त्यानं दोन्ही हात यल्लप्पाच्या खाली घातले, एक मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि त्याला छातीशी धरून खाटांच्या मधून चालत नवव्या खाटेकडे नेलं. दुर्गव्वा त्याच्या पुढं उलटी चालत होती, नवऱ्याचं डोकं धरून.

मी नवव्या खाटेशी उभा होतो. समोर सलाईनचा स्टँड होता. पेच सैल होता.

भैरू वाकला, यल्लप्पाला खाटेवर ठेवायला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी बांधलेलं बँडेज माझ्या डोळ्यांसमोर होतं, गाठ डाव्या कानामागं.

मी मारलं.

लोखंडानं माझ्या हातात झिणझिण्या आल्या. आवाज फार झाला नाही, सात वेढे होते. भैरूनं यल्लप्पाला सोडलं नाही. हेच मी सोळा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं त्याला सोडलं नाही. त्याचे गुडघे वाकत असताना त्यानं त्याला आधी गादीवर टेकवलं, मानेखालचा हात हळू काढून घेतला, गुडघ्यांखालचा काढला, आणि मग खाटेच्या कडेला कपाळ टेकून खाली बसला. नमस्काराला बसावा तसा. मग कुशीवर कलंडला.

मी पुन्हा मारलं. ते का, ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी तो खाली होता.

दुर्गव्वानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या पांढऱ्या पापण्या हलत नव्हत्या. ती खाली बसली, तिनं भैरूच्या बँडेजवर तळवा ठेवला आणि उचलून बघितला.

"आता ह्यो खरा झाला," ती म्हणाली. "आता ह्येला तरी बघा."

*

जबाब, पान दुसरं. रुग्ण भैरू ऐवळे हा डोक्याच्या दुखापतीमुळे भ्रमिष्ट अवस्थेत असताना त्याने खाटेवरून उठून धिंगाणा केला व सुरक्षारक्षकांना मारहाण केली. त्या झटापटीत तो तोल जाऊन खाली पडला. त्याचे डोके खाटेच्या लोखंडी दांड्यास लागले.

*

दोघा रक्षकांनी यल्लप्पाला ताडपत्रीवर घेतला आणि टेम्पोत ठेवला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी ठेवला नसता, एवढंच. थोरला भाऊ टेम्पोत चढून त्यांच्याबरोबर गेला. धाकटा पोटऱ्या चोळत खाटेवर बसून राहिला. टेम्पोवाला म्हणाला, "मी डिझेल कुणाकडं मागू?" दुर्गव्वानं त्याला काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

आम्ही भैरूला उचलून नवव्या खाटेवर ठेवला. नळी पुन्हा चिकटवली. काच झाडली. भिंतीवरची फ्रेम परत लावली. हणमंतानं तोंडावर रुमाल बांधला. अर्ध्या तासात बारा खाटा पुन्हा बारा खाटांसारख्या दिसू लागल्या. अकराच माणसं होती, पण थोरला शौचाला गेलाय असं काहीतरी सांगता आलं असतं. मी दांडी पुसून स्टँडला परत लावली आणि पेच आवळला.

बाराला आरवाडे खाली आले, पथकाआधीची शेवटची फेरी म्हणून.

"दाराची काच कुठाय?"

"वाऱ्यानं, सर," हणमंता रुमालातून म्हणाला.

ते खाटांवरून नजर फिरवत आले. नवव्या खाटेशी थांबले. बँडेज डावीकडून लाल झालं होतं, सातही वेढे, आणि उशीवर बशीएवढा डाग पडला होता.

"रंग छान जमलाय," ते म्हणाले. "जरा जास्तच झालाय. अकरा दिवसांची जखम आहे, इतकी ओली नको."

 त्यांनी पुढच्या खाटेकडे एक पाऊल टाकलं. दहाव्या खाटेवरच्या माणसानं चादर तोंडावर ओढून घेतली होती.

मागून सालोमी सिस्टर आल्या. त्या बाजूनं जाता जाता थांबल्या, वाकल्या, बँडेजला बोट लावून नाकाशी नेलं.

"सर," त्या म्हणाल्या, "हे औषध नाही."

मग त्यांनी भैरूची पापणी उचलली. एक बाहुली मोठी, एक लहान. मग आरवाडे धावले. हेही मला मान्य करायला हवं, की ते धावले. त्यांनी स्वतः स्ट्रेचर ओढलं. टाय खांद्यावर टाकून त्यांनी चार तास ऑपरेशन केलं. कवटीचा तुकडा काढला, साकळलेलं रक्त काढलं. तीन बाटल्या रक्त लागलं. सगळं निधीतून. केसपेपर बदलावा लागला नाही. नाव, वय, डोक्याला मार, सगळं सकाळीच लिहिलेलं होतं.

दीड वाजता वडिलांना मशीनवर घेतलं. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसलो होतो.

"तुझा तळहात का लाल झालाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. जड उचललं."

"तू कशाला उचलतोस? हणमंता नाही का?"

ते त्यानंतर तीन वर्षं आणि दोन महिने जगले.

पाच वाजता थोरला भाऊ परत आला. यल्लप्पा रेल्वे फाटकापाशी गेला, म्हणाला. फाटक बंद होतं, मालगाडी होती. गाडी गेल्यावर दुर्गव्वानं टेम्पो वळवायला सांगितलं, सिव्हिलकडे नको, खाणीकडे. मग त्यानं आपला आणि धाकट्याचा रोजगार मागितला. मी दिला. त्यानं तो मोजला नाही.

*

जबाब, पान दुसरं, शेवट. मी दिलेला जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

*

दीड वर्षानं भैरू बाह्यरुग्ण विभागात आला. बायकोनं धरून आणला होता. उजवा हात पोटाशी दुमडलेला, उजवा पाय ओढत. डोक्याच्या एका बाजूला खळगा होता, केस उगवले होते त्यावर. फिटच्या गोळ्या निधीतून मिळत. कागदावर सही माझी लागत असे.

बायकोनं कागद पुढे केला. मी सही केली. भैरू माझ्याकडे बराच वेळ बघत होता.

"तुमी त्ये सायेब," तो म्हणाला. शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखे येत होते. "मला... गाडीतनं आनलं हुतंसा."

"हो."

"मी पडलो व्हय?"

बायको म्हणाली, "ह्येनला त्या दिवशीचं कायबी याद न्हाई. रोज इचारत्यात. तुमी तर तितं हुता, सांगा की येकदाचं."

माझ्या टेबलाभोवती आठ-दहा माणसं रांगेत होती. पंखा फिरत होता. सालोमी सिस्टर दारात औषधांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

"पडलास," मी म्हणालो.

भैरूनं मान हलवली. समाधान झाल्यासारखी. मग डाव्या हातानं माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"माझी पुडी," तो म्हणाला. "तुमच्याकडं ऱ्हायली."

बायको हसली. "सगळं इसरलं, ह्ये तेवढं याद हाय बगा."

मी सिस्टरांकडे बघितलं नाही. उठून बाहेर गेलो, फाटकासमोरच्या टपरीवरून तंबाखूची पुडी आणली आणि त्याच्या डाव्या हातात ठेवली. त्यानं ती एका हातानं उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बायकोनं उघडून दिली.

त्या आठवड्यात मी राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. मी तिथं आणखी अकरा वर्षं होतो. दर वर्षी तपासणी झाली. डोक्याला मार हा आजार मी पुन्हा कुणाला दिला नाही.

*

तपासणी पथक त्या दिवशी आलं नाही. दौरा पुढं ढकलल्याचा फोन सकाळी नऊ चाळीसला आला होता. ऑपरेटरनं तो निरोप चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता. त्या वेळी मी बारा खाटांमध्ये होतो, भैरूच्या डोक्याला पाचवा वेढा देत.